मूठभर वाळूचा फोटो

ताईच्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जेवण सोडून बाकी सगळं होतं. मुख्य म्हणजे मुठी होत्या. मुठींचे फोटो हो! मनगटापर्यंत दिसणारे माणसांचे हात, प्रत्येक तळव्यावर ओल्या वाळूचा एक गोळा आणि त्या गोळ्यावर बोटांचे ठसे. एक हात केसाळ, एक घड्याळवाला, एक लाल नखांचा. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्मा कपाळावर ढकलून एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरत होते.

"भावोजी, हे काय नवीन? पोलिसात भरती झालात की काय?" मी पिशवी खाली ठेवत विचारलं.

"बेटावर जायचंय ना, किनारे निवडतोय," ते मान वर न करता म्हणाले.

ऐकावं ते नवलच! लोक किनारा निवडतात तो सूर्यास्त बघून, हॉटेल बघून, जेवण कुठे चांगलं मिळतं ते बघून. मी बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक मला प्रश्न विचारून भंडावतात, त्याचा सूड मी संध्याकाळी घरच्यांवर उगवते. तेव्हा मी खुर्ची ओढली आणि भावोजींची उलटतपासणी सुरू केली.

तर झालं होतं असं. भावोजींनी बेटावरच्या हॉटेलांना फोन केले होते. खोलीला गॅलरी आहे का, एसी आहे का, काही म्हणजे काही विचारलं नाही. म्हणाले, "एक काम करा, समोरच्या किनाऱ्यावर जा. पाण्याच्या कडेची वाळू मुठीत घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा आणि फोटो काढून पाठवा."

"आणि त्यांनी पाठवले?" मी तोंडाचा आ वासला.

"एकजण म्हणाला, वाळूचा ठेका हवा असेल तर सरकारी ऑफिसात जा. एकीने फोन आपटला. बाकीच्यांनी पाठवले की. माणसं चांगली असतात गं, फक्त नीट समजावून सांगावं लागतं."

खिडकीजवळच्या खुर्चीतून ताई म्हणाली, "ती लाल नखांवाली घ्या हो. नखं एवढी नीट ठेवलीयत, किनाराही झाडून ठेवत असेल."

भावोजी हसले नाहीत. त्यांनी तो फोटो बाजूला सारला. "हिची वाळू पीठ आहे पीठ. काही कामाची नाही."

हे प्रकरण समजायचं तर भावोजी समजायला हवेत. त्यांचा सगळा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेला. तिथे वितळलेलं लोखंड ओततात, पण ओततात कशात? तर वाळूच्या साच्यात. तो साचा घालणारे आमचे भावोजी. वाळू चाळायची, तिच्यात चिकणमाती आणि पाणी मुरवायचं, लाकडी नमुन्याभोवती धुमसाने ठोकून ठोकून बसवायची, मग नमुना अलगद काढून घ्यायचा. वाळू कोरडी राहिली तर साचा ढासळतो, जास्त ओली झाली तर आत वाफ कोंडते आणि तापलेलं लोखंड उलट अंगावर उडतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी मूठभर वाळू घेऊन दाबायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला की काडकन दोन तुकडे झाले पाहिजेत. कारखान्यात त्यांना सगळे मूठसाहेब म्हणत. साहेब बिहेब काही नव्हते, पण मूठ मात्र खरी होती.

ती सवय घरी, दारी, पाहुण्यांकडे, सगळीकडे. लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आई चहा घेऊन बाहेर आली, तर हे महाशय गॅलरीतल्या कुंडीतली माती मुठीत दाबून उभे! म्हणाले, "पाणी जास्त होतंय हिला." आईने ताईला आत बोलावून सांगितलं, "मुलगा सरळ दिसतोय, पण हात धुऊन घेत जा बाई त्याचे." ताई तेव्हा हसली आणि मग जन्मभर त्यांना हात धुवायला सांगत राहिली.

पण आता मस्करी पुरे, कारण गोष्ट मस्करीची नाही. मागच्या वर्षी ताईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. स्वयंपाकघरात उभी होती ती खालीच बसली. हळूहळू बरंच काही परत आलं. जीभ तर सगळ्यांत आधी आली आणि येताना धार लावूनच आली. हात आला, पायात बळ आलं, काठी घेऊन ती घरभर फिरायला लागली. आला नाही तो डाव्या तळव्याचा स्पर्श. पाय टाकते, पण तो जमिनीला लागला की नाही हे तिला खाली बघूनच कळतं. "दुसऱ्या कुणाचा तरी पाय वापरायला आणलाय असं वाटतं," ती म्हणायची. आणि परत द्यायची वेळ झाली तर काय करू, असंही म्हणायची. आम्ही हसायचो. मूर्ख होतो.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती परातीत तांदूळ, मसूर, बारीक वाळू असं काय काय घालून त्यात ताईचा पाय ठेवायची. तळव्याला निरनिराळं काहीतरी लागत राहिलं की कधीकधी जाणीव परत येते, म्हणाली. भावोजींनी विचारलं, कधीपर्यंत? मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. नंतर आशा कमी."

त्या क्षणापासून या माणसाने ध्यास घेतला. मसुराची डाळ ऐकून ते गप्प बसले असते, पण वाळू? वाळू म्हणजे त्यांचं राज्य! त्यांनी बांधकामावरची वाळू आणली, नदीची आणली, जुन्या कारखान्यातून पिशवी भरून आणली. परातीपुढे उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "काय लागतंय?" ताई म्हणायची, "काही नाही." दुसरी वाळू. "आता?" "काही नाही हो." ताईच्या घरी गेलं की चपलेखाली करकर वाजायचं. मी एकदा चिडून म्हटलं, अहो, घर आहे की भट्टी? तर म्हणाले, "तू चौकशी कर, उत्तर मी शोधतोय."

त्यात वर्ष संपत आलं आणि माझ्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, आईबाबांना बेटावरच्या सुट्टीची तिकिटं काढून दिली. मावशीला, म्हणजे मलाही, बरोबर धाडलं, कारण आईला कपडे बदलताना बाईमाणूस लागतं. त्याच्या मनात विश्रांती होती. भावोजींच्या मनात एवढंच आलं की बेटाला चहूबाजूंनी किनारे असतात आणि प्रत्येक किनाऱ्याची वाळू वेगळी.

म्हणून त्या मुठी. त्यांनी तीन किनारे काढले. एक पांढऱ्या, मऊ वाळूचा, "सुरुवातीला सौम्य". दुसरा काळ्या वाळूचा, "ती तापते, ऊब लागेल". आणि तिसरा हुकमी एक्का, शिंपल्यांच्या चुऱ्याचा. त्या फोटोवर त्यांचा फार जीव जडला होता. "बघ, कण कसे टोकदार आहेत! समुद्राची वाळू घासून घासून गोल होते. पण ही नाही झाली. टोकदार कण एकमेकांना धरून राहतात. साच्याला असलीच वाळू लागते." मला विचाराल तर साच्याला काय लागतं आणि बायकोच्या पायाला काय लागतं यात फरक असतो. पण हे मी तेव्हा म्हटलं नाही. मलाही वाटत होतं हो, की जमेल. खोटं कशाला बोलू?

बेटावर उतरलो तर हवा अशी दमट की कपडे वाळतच नाहीत. गाडीवाला मोठा बोलका होता. त्याने पहिल्याच वळणावर धबधबा, दीपगृह आणि मासळीबाजार यांची नावं घेतली. भावोजींनी त्याला तीन मुठींचे फोटो दाखवले आणि म्हणाले, "इथे न्या." गाडीवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

पांढऱ्या किनाऱ्यावर माणसं झोपली होती, पोरं किल्ले बांधत होती. मी एका बाजूने, भावोजी दुसऱ्या बाजूने, मध्ये ताई. चपला काढल्या. भावोजी गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायाकडे बघत राहिले. समोर एवढा निळाशार समुद्र, माणसाने एकदा तरी मान वर करावी की नाही?

"काय लागतंय?"

"उजव्याला मऊ लागतंय."

"डाव्याला?"

ताईने मान हलवली.

काळ्या किनाऱ्यावर ऊन असं होतं की माझ्या तळव्यांना चटके बसले आणि मी नाचायला लागले. भावोजींनी आशेने ताईला विचारलं, "गरम लागतंय ना?" ताई म्हणाली, "डोक्याला लागतंय, टोपी द्या." बस्स. परत येताना गाडीवाल्याने दीपगृहाचं नाव पुन्हा घेऊन बघितलं, पण कुणाचं लक्षच नव्हतं.

हॉटेलात त्या संध्याकाळी भावोजी जेवले नाहीत. खोलीतल्या बादलीत पाय बुडवून बसले होते. मी ताईला औषध द्यायला गेले तर ती हळूच म्हणाली, "उद्याचा शेवटचा किनारा. उद्याही नाही झालं तर या माणसाचं काय होईल गं?" मी म्हटलं, तुझं काय होईल ते बोल आधी. त्यावर तिने दिवा बंद करायला सांगितलं.

शिंपल्यांच्या किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि का नव्हतं ते चप्पल काढल्यावर मला लगेच कळलं. भावोजींनी मूठ भरली, दाबली, गोळा मधोमध मोडला. काडकन दोन तुकडे. त्यांचा चेहरा उजळला. ताईला त्यांनी अलगद उभं केलं. तिने उजवा पाय टाकला आणि तोंड वाकडं केलं. डावा टाकला. थांबली. आणखी एक पाऊल टाकलं.

"काय लागतंय?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "टोचतंय."

"कशाला? उजव्याला?"

"डाव्याला. डाव्याला टोचतंय हो!"

काय सांगू! कानात वारं शिरलेल्या वासरासारखा तो माणूस त्या किनाऱ्यावर पळाला. परत आला, ताईचे दोन्ही हात धरले, रडला, हसला, मला म्हणाला, "बघ! बघ! म्हटलं नव्हतं मी?" मुलाला फोन लावला, रेंज येईना म्हणून दगडावर चढून लावला. मीसुद्धा ओढणीने डोळे पुसत होते. पुसता पुसता माझी नजर खाली गेली.

ताई चार पावलं चालली होती आणि डाव्या पावलाच्या प्रत्येक ठशात रक्त होतं. शिंपल्याचा एक चांगला बोटभर तुकडा तळव्यात रुतला होता. ती त्याच्यावर भार देऊन शांत उभी होती, दगडावरच्या नवऱ्याकडे बघत हसत होती. तिला पत्ताच नव्हता.

"ताई, बस खाली," मी म्हटलं.

भावोजींनी फोन कानाला असतानाच खाली बघितलं. त्यांनाही दिसलं. पलीकडून भाचा "हॅलो बाबा, हॅलो" करत होता. त्यांनी फोन बंद केला, दगडावरून उतरले, तिच्यापुढे बसले आणि तो तुकडा उपसून काढला. काढताना माझ्या अंगावर काटा आला. ताईच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. बाटलीतल्या पाण्याने त्यांनी पाय धुतला, रुमाल बांधला.

"खोटं का बोललीस?" एवढंच म्हणाले.

"तुम्ही किती मुठी भरल्यात," ताई म्हणाली. "वर्षभर मी 'नाही' म्हणते आणि तुमचं तोंड उतरतं. एकदा तरी 'हो' म्हणून बघावं असं वाटलं."

मला दोघांचाही राग आला. त्याचा, कारण तो माणूस आपलंच घोडं दामटत राहिला, आणि हिचा, कारण इतकं लागूनही ही दुसऱ्याचंच तोंड सांभाळत बसली. पण तो प्रसंग रागवायचा नव्हता. मी काठी उचलली आणि गाडीवाल्याला हाक मारली.

दवाखान्यात दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जखम सुकेपर्यंत पाण्यापासून लांब. झालं, किनारे संपले. भावोजी हॉटेलच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला तर म्हणाले, "मी तिला काचेवरून चालवलं." मी म्हटलं, शिंपल्यावरून. कधीकधी माझी जीभ नको तिथे अचूक होते.

परतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी जखम बघितली आणि वरून बांधायला पाणी न शिरणारी पट्टी दिली. बाहेर आलो तर ताई गाडीवाल्याशेजारी पुढच्या सीटवर चढून बसली. यापूर्वी ती कधी पुढे बसली नव्हती.

"काय हो," तिने त्याला विचारलं, "या बेटावर वाळू नसलेला किनारा आहे का?"

गाडीवाल्याने पुन्हा आरशातून माझ्याकडे बघितलं. एक कुटुंब, आणि ही तऱ्हा! पण माणूस हुशार. म्हणाला, "आहे की. जुन्या धक्क्यामागे. वाळूबिळू काही नाही, सिमेंटच्या पायऱ्या आहेत आणि खाली एकदम खोल पाणी. पण शांत, लाट नाही. गावातली माणसं पोहायला जातात. पर्यटक येत नाहीत, फोटो चांगला येत नाही तिथे."

"तिथे न्या," ताई म्हणाली.

"अगं, टाके आहेत पायाला," भावोजी म्हणाले.

"पट्टी आहे. आणि पाय टाकायचाच नाहीये मला."

जागा खरंच फोटोसारखी नव्हती. शेवाळलेला धक्का, गंजलेला कठडा, एका बाजूला मासेमारीच्या होड्या. पायऱ्यांपाशी पोहायला शिकवणारी एक धिप्पाड बाई बसली होती. ताईने तिला काय सांगितलं कोण जाणे. मी तरंगायचं जाकीट शोधेपर्यंत तिने ताईला एक नारिंगी जाकीट चढवून बंद आवळलेसुद्धा. काठी पायरीवर ठेवली. ती बाई आधी उतरली आणि ताई तिच्या खांद्याला धरून एकेक पायरी खाली, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग पायऱ्या संपल्या. ताई किंचाळली.

भावोजी उठून उभे राहिले. पण ती हसत होती. पाण्यावर बुचासारखी वरखाली होत, ओले केस तोंडावर, माझी साठीला टेकलेली बहीण खदाखदा हसत होती. तिने मान मागे टाकली आणि आकाशाकडे बघितलं. सगळ्या सुट्टीत पहिल्यांदा कुणीतरी वर बघितलं होतं.

"अहो, या ना!" ती ओरडली.

आता एक सांगायला हवं. भावोजींना पोहता येत नाही. जन्म आगीपुढे गेलेला माणूस, पाण्याचा संबंध आंघोळीपुरता. ते कठडा धरून उभे होते. त्या धिप्पाड बाईने काही न विचारता दुसरं जाकीट त्यांच्याकडे फेकलं. ते त्यांनी उलटं घातलं. मी सरळ करून दिलं.

ते उतरले. पायरी, पायरी, पायरी, आणि खाली पाय चाचपडत राहिला. काहीच नाही. त्यांनी एकदम ताईचं जाकीट पकडलं, दोन्ही हातांनी, घट्ट. डोळे मिटलेले.

"पाय टेकत नाहीयेत माझे," ते म्हणाले. "खाली काहीच लागत नाही."

"माझे पण नाही," ताई म्हणाली. "इथे कुणाचेच नाहीत."

ते तसेच लोंबकळत राहिले. मग ताईने विचारलं, "भीती वाटते?"

"हो."

"मलाही वाटते. रोज. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी वाटते. रात्री उठावं लागलं तर वाटते. तुम्ही बाजारात गेलात की वाटते. वर्ष झालं, तुम्ही काय लागतंय, काय लागतंय एवढंच विचारलंत. भीती वाटते का, ते एकदाही नाही."

मी पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. कारण मीही नव्हतं विचारलं. चौकशीच्या खिडकीवर जन्म गेला माझा!

भावोजींनी डोळे उघडले. तोंडात खारं पाणी गेलं, ते थुंकले. तिचं जाकीट सोडलं नाही.

"सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. मी कुठे जाणार आहे इथून?"

आणि ताई सांगायला लागली. धक्क्यावरून गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग तोही गप्प बसला. दोघं पाण्यात वरखाली होत होते, ती बोलत होती आणि ते मान हलवत होते. पायाला स्पर्श काही आला नाही, अजूनही आलेला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.